मंगळावरची सुट्टी आणि आमचे रोडगे
भाऊ, तुमच्या कथेत मंगळावरच्या तळावरचे सहाही जण सातव्या दिवशी एकदम सुट्टी घेतात. हे मला पटलं नाही. मेळघाटात जंगलातल्या संरक्षण कुटीवर मी दोन वर्षं काढली. आमची सुट्टी म्हणजे एकजण वायरलेसपाशी, बाकीचे रोडग्यांच्या मागे. गोवऱ्यांचे निखारे झाले की कणकेचे गोळे त्यात पुरायचे, तोवर वांग्याची भाजी रटरटत असायची. पहिला रोडगा राख झटकून फोडायचा, त्यात तूप ओतायचं आणि वायरलेसवाल्याला नेऊन द्यायचा. त्याच्या हाती तो गेल्याशिवाय कुणी घास घेत नसे. तुमच्या तळावर हवेच्या यंत्रापाशी कोण बसतं, तेवढं दाखवाच.

आणखी एक. मंगळाचा दिवस 24 तास 39 मिनिटांचा. साधारण 36 दिवसांत एक अख्खा दिवस मागे पडतो, म्हणजे त्यांचा रविवार घरच्या रविवारी राहणारच नाही. निरोप पोचायलाही अंतराप्रमाणे 3 ते 22 मिनिटं लागतात. आईनं ‘जेवला का रे?’ विचारलं, तर तिला उत्तर मिळेस्तोवर कधीकधी पाऊण तास जाईल. तो पाऊण तास कथेत यायलाच पाहिजे.