एचबीए१सी ६.१ आलंय, गोळी सुरू करावी का?

रानपाखरू:
ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. खाली 'प्रीडायबेटिक' छापलंय. घरात कुणाला शुगर नाही, गोड फारसं खाणं नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'वजन उतरवा' सांगून वाटेला लावलं. उतरवायचं कुठून? गोळी सुरू करावी का, एवढंच सांगा. कृपया लवकर.

मुपो_सासवड:
वय? उंची-वजन? हिमोग्लोबिन? ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. नुसत्या एका आकड्यावर गोळीचं कोण सांगणार?

अण्णा_कोथरूड:
दादा, रात्री मेथ्या भिजत घाला, सकाळी पाण्यासकट खा. भात बंद. माझी शुगर जाग्यावर आली.

रानपाखरू:
दादा नाही, ताई. वय २६, पाच फूट दोन, ४५ किलो. हिमोग्लोबिनचा इथे काय संबंध?

दोनदाच_जेवण:
ताई, दिवसातून दोनदाच जेवा, मधे चहासुद्धा नको. माझ्या मेहुण्यांचं ७.८ वरून ५.९ वर आलं.

मुपो_सासवड:
मेहुण्यांचं वजन?

दोनदाच_जेवण:
९२ होतं. त्याने काय फरक पडतो?

मुपो_सासवड:
सगळा फरक त्यानेच पडतो! जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. ४५ किलोच्या मुलीला उपाशी ठेवून तेच झिजवायचे का?

लॅबवाली:
बारीक माणसाला साखर होत नाही हे आता डोक्यातून काढा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून अभ्यास सुरू केला, मग त्यांची मुलं मोठी होईपर्यंत तपासली. १८ व्या वर्षी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर नेहमीपेक्षा वर होती, आणि जवळपास निम्मी मुलं कमी वजनाची होती! पोटात असताना वाढ नीट झाली नाही तर इन्सुलिन करणाऱ्या पेशी तोकड्या पडतात.

अण्णा_कोथरूड:
म्हणजे पुन्हा आईचाच दोष?

लॅबवाली:
दोष कसला? त्या बायका शेतात राबत होत्या आणि ताटात पुरेसं नव्हतं. मला याचाच राग येतो, अण्णा.

हिशेबनीस:
ताई, आरोग्य विमा आत्ताच काढा. फॉर्ममध्ये हा रिपोर्ट लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो.

रानपाखरू:
विम्याचं विचारलं नव्हतं. हिमोग्लोबिन ९.४ आहे. पाळी जड जाते, पण ते कॉलेजपासूनच.

लॅबवाली:
हे आधी सांगायला हवं होतं! लोह कमी पडून पंडुरोग (अंगात रक्त कमी) असेल तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. बी१२ कमी असलं तरी तसंच. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी१२ बघा, आणि उपाशीपोटी व ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी अशी साखर करून घ्या. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, ९.४ अंगावर काढायचं नसतं. गोळीचं त्यानंतर डॉक्टर ठरवतील.

अण्णा_कोथरूड:
तोवर मेथ्या चालतील ना?

मुपो_सासवड:
भाजीत चालतील. ताई, भात बंद करू नका, सोबत डाळ-उसळ, दही, खात असाल तर अंडी वाढवा.

रानपाखरू:
शनिवारी जाते. ग्लुकोज प्यायल्यावर घरी येऊन परत गेलं तर चालेल? लॅब जवळच आहे.

लॅबवाली:
नको. दोन तास तिथेच बसा. चालल्याने आकडा बदलतो. पाण्याशिवाय काही घेऊ नका.