सरांच्या स्मरणार्थ मुलींचे कबड्डी सामने, मैदानाचं काय?

प्रश्न (जिंतूर): गावातल्या पोरींना कबड्डीत आणलेल्या सरांचं पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. कुमारी गटाचे सामने ठेवायचेत. जागा काळ्या रानाची, मॅटला पैसे नाहीत. सरांना खेळ थांबलेला खपत नसे.

उत्तर १: काळ्या मातीवर थेट खेळवूच नका. वाळली की भेगा पडतात, घोटे मुरगळतात. भिजली की पायाला चिकटते. आधी मुरूम दाबा, वर चाळलेली तांबडी माती चार बोटं. खडा राहिला तर गुडघे सोलतात, म्हणून दोनदा चाळा. संध्याकाळी पाणी, ओल जिरल्यावर रोलर. आखणी १२ बाय ८ मीटर, निदानरेषा (चढाईत ओलांडावी लागणारी) मध्यरेषेपासून ३ मीटर, बोनस रेषा (जादा गुणाची) त्यापुढे १ मीटर. चुना नको, डोळ्यांत गेला तर भाजतं, फक्की (आखणीची पांढरी भुकटी) वापरा, पण बिनचुन्याची.

उत्तर २: डाव १५-१५ मिनिटांचे दोन, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. लांबच्या लेकरांना शेवटची एसटी मिळायला हवी, त्यांचे सामने आधी लावा.

उत्तर ३: तारीख काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारून धरा. श्राद्धाच्या दिवशी घरी विधी, पाहुणे. सामने त्यानंतरच्या रविवारी घ्या. फोटोही घरचा मागा, लेकरांसोबतचा असला तर उत्तमच. आणि पुढाऱ्यांची भाषणं नकोत, सरांना खेळ थांबलेला खपत नसे म्हणता ना?