मास्क आधी, दाब नंतर
नवजात बाळाला बॅग-मास्कने (हाताने दाबायची हवेची पिशवी आणि तोंडा-नाकावरचा मास्क) श्वास देताना ‘छाती वर येत नसेल तर बॅग जोरात दाबा’ असं सांगितलं जातं, पण ते शेवटाकडचं काम. आधी मास्क बघा. हवा बहुधा गालाशी किंवा नाकाच्या कडेने निसटते. मास्कने हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकावं, डोळ्यांवर चढू नये. आणि तो चेहऱ्यावर रेटायचा नाही, जबडा मास्ककडे उचलायचा. नुसतं रेटलं की मान पुढे वाकते नि श्वासमार्गच बंद होतो. खांद्याखाली फडक्याची घडी ठेवली की मान बरोबर राहते.

मग आधी तोंड, नंतर नाक साफ, तोंड किंचित उघडं. तरीही छाती हलली नाही, तरच दाब 20-25 सेंमी पाणी (हवेचा दाब मोजायचं एकक) वरून टप्प्याटप्प्याने वाढवा. पूर्ण दिवसांच्या बाळाला कमाल दाब 40 सेंमी पाणी. श्वास देण्याचा वेग मिनिटाला 40 ते 60, घाईत तो हमखास वाढतो.