23 सप्टेंबरचा दिनविशेष: असई, हैफा आणि 1965

ए-101 काका:
सुप्रभात 🙏 सोसायटीच्या फलकासाठी आजचा दिनविशेष, 23 सप्टेंबर.
1803 – असईची लढाई, इंग्रजांचा विजय
1918 – भारतीय घोडदळाने हैफा (आजच्या इस्रायलमधले बंदर) जिंकले
1965 – भारत-पाक युद्धविराम
शूरवीरांना नमन. सेक्रेटरी साहेब, फलकावर हेच लिहायला सांगू का?

सी-203 वहिनी:
काका, असई माझ्या माहेरच्या शिवाराला लागून आहे. भोकरदनजवळ, जिल्हा जालना. एवढी मोठी लढाई आमच्या दाराशी झाली आणि फलकावर फक्त "इंग्रजांचा विजय"? आपल्या माणसांनी काय केलं ते कुठेच नाही.

ए-604:
वहिनी, पण हरलो होतो ना आपण?

डी-302 सर:
हरलो. पण कसे हरलो ते समजून घे, मग फलकावर काय यायला हवं ते तुझं तुलाच कळेल. जरा लांबण लागेल, सगळ्यांनी सांभाळून घ्या.

दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह केला आणि पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना ते मान्य नव्हतं. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि तो उत्तरेकडे सरकला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या वाटेने येत होता. दोघांनी मिळून 24 तारखेला हल्ला करायचं ठरलेलं. पण 23 ला वेलस्लीला मराठी फौज समोरच दिसली, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. तो स्टीव्हन्सनसाठी थांबला नाही.

वाटाडे म्हणाले, केळणा ओलांडायला इथे उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड. दोन गावं इतकी समोरासमोर म्हणजे माणसांची ये-जा असणारच, असं त्याने ताडलं. आणि उतार सापडला.

सी-203 वहिनी:
अगदी बरोबर सर. त्या दोन गावांचा रोजचा राबता आहे. परक्या माणसाने नुसत्या दुर्बिणीतून ते ओळखलं, याचं मला नेहमी नवल वाटतं. सप्टेंबरात केळण्याला पाणी असतं, दोन्ही काठांवर कपाशी आणि मका उभा असतो.

बी-205 ताई:
मध्येच विचारते, माफ करा. बी विंगला पाणी किती वाजता सोडणार?

सेक्रेटरी:
ताई, साडेआठला. सर, पुढे लिहा.

डी-302 सर:
वेलस्लीचा बेत असा की नदी ओलांडायची आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आदळायचं. शिंद्यांच्या कंपूचा, म्हणजे कवायती फौजेचा, सेनापती पोलमन मूळचा जर्मनीतल्या हॅनोवरचा. त्याने काय केलं? समोर इंग्रज येत असताना हजारोंचं पायदळ आणि तोफा काटकोनात फिरवून नवी फळी उभी केली. वेलस्लीला याची मुळीच अपेक्षा नव्हती. दि बॉइन या युरोपियन सेनानीने महादजी शिंद्यांच्या काळात जी कवायत बसवली होती, ती त्या दिवशी कामी आली.

आणि मग तोफा. शंभरच्या आसपास. इंग्रजांची 74वी स्कॉटिश पलटण वाट चुकून असई गावाच्या रोखाने सरकली आणि त्या माऱ्यात सापडली. तिचे चारशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. दुसऱ्या टोकाला इंग्रज मराठ्यांच्या तोफांपर्यंत पोचले, गोलंदाज जागीच पडले, फळी पुढे निघून गेली. त्या पडलेल्यांतले काही नुसते निपचित पडून होते. ते उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला स्वतः मागे वळून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्यात त्याच्या घोड्याला भाला लागला.

इंग्रजांच्या बाजूचे 428 ठार, 1138 जखमी. मराठ्यांच्या 98 तोफा त्यांच्या हाती पडल्या. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी कोणी विचारलं की लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने एकच शब्द उच्चारला: असई.

ए-604:
हे शाळेत का नाही सांगितलं कुणी 😳 आणि घोडदळ कुठे होतं आपलं?

डी-302 सर:
हीच तर खंत. शिंदे-भोसल्यांचं हजारोंचं घोडदळ बाजूला उभं होतं. ते नेटाने उतरलं असतं तर थकलेल्या, विरळ झालेल्या इंग्रजी फौजेचं काही खरं नव्हतं. दोघेही सरदार लवकर निघून गेले. तोफांवरची माणसं मात्र हलली नाहीत. माझ्या मते फलकावर त्यांची ओळ हवी.

बी-402 सुभेदार काका:
सर, उत्तम लिहिलंत. एक भर घालतो. वेलस्लीच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच, बाकी सगळे मद्रासचे शिपाई. शिवाय म्हैसूरचे आणि खुद्द पेशव्यांचे स्वार त्याच्या बाजूला. म्हणजे दोन्हीकडून आपलीच माणसं पडली. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावरचा हत्ती असईचा आहे.

ए-604:
काका, मग माझा प्रश्न हैफाबद्दलही तोच आहे. 1918 मध्ये, पहिल्या महायुद्धात, ते स्वार इंग्रजांसाठी लढले. त्याला आपण "भारतीय विजय" म्हणायचं का? मला खरंच कळून घ्यायचंय.

बी-402 सुभेदार काका:
विचारलंस ते बरं केलंस. मी रणगाडा दलात नोकरी केली, त्यामुळे घोडदळाची ही लढाई आम्हाला पाठ.

हैफाच्या एका अंगाला कार्मेल डोंगर, दुसरीकडे किशोन नदी, मध्ये अरुंद वाट. डोंगरावर तुर्कांच्या मशीनगन आणि तोफा. जोधपूर लान्सर्सने, म्हणजे जोधपूर संस्थानच्या भालाईत घोडदळाने, दुपारी दोनला घोडे सोडले, हातात भाले आणि तलवारी. नदीकाठची जमीन भुसभुशीत, पुढचे घोडे रुतले. तशाच माऱ्याखाली ते डावीकडे वळले, डोंगराच्या उतारावरच्या मशीनगन घेतल्या आणि तिथून थेट शहरात शिरले. म्हैसूर लान्सर्स कार्मेलच्या अंगाने चढले होते. मेजर दलपतसिंग शेखावत त्या दिवशी पडले. आपले 8 ठार, 34 जखमी, आणि 60 घोडे गेले. 1350 कैदी, 17 तोफा, 11 मशीनगन हाती आल्या.

आता तुझा प्रश्न. शिपाई हुकुमावर जातो. लढाई कोणासाठी, हा जाब हुकूम देणाऱ्याला विचारायचा. त्या उतारावर घोडा घातला ते धैर्य मात्र त्या माणसाचं स्वतःचं होतं, ते काही लंडनहून आलं नव्हतं. आपलं सैन्य दरवर्षी 23 सप्टेंबरला हैफा दिन पाळतं, ते याच भावनेने.

सी-203 वहिनी:
काका, हे पटलं. असईत इंग्रजांकडून पडलेल्या मद्रासी शिपायांनाही मग हेच लागू होतं. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेलच.

ए-604:
हो, पटलं. तरी माझं म्हणणं एवढंच की फलकावर "इंग्रजांच्या सैन्यातील भारतीय घोडदळ" असं स्पष्ट लिहावं. मुलं वाचतात, त्यांना खरं कळू दे.

बी-402 सुभेदार काका:
जरूर लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

डी-302 सर:
यात एक धागा आहे तो सांगतोच. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात तीन स्वार उभे आहेत: जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद. 2018 पासून त्या चौकाचं नाव तीन मूर्ती हैफा चौक आहे. हैदराबाद लान्सर्स त्याच ब्रिगेडमध्ये होते. कैद्यांच्या बंदोबस्तावर गेल्यामुळे हैफाच्या प्रत्यक्ष धडकेत ते नव्हते. आता बघा, असई गाव 1918 मध्ये हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे वहिनींच्या माहेरच्या मुलखाचं लष्कर आज त्या चौकात उभं आहे.

सी-203 वहिनी:
सर!! हे मला माहीतच नव्हतं. दिल्लीला दोनदा गेले, तिथून गाडीने पुढे निघून गेलो 🙏

बी-402 सुभेदार काका:
सर, धागा अजून पुढे जातो. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, परमवीर चक्र. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची, आणि लष्करी कारकिर्दीची सुरुवात हैदराबाद संस्थानच्या फौजेत. तिथून ते हैदराबाद लान्सर्समध्ये गेले आणि संस्थान विलीन झाल्यावर पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये. 1965 ला फिल्लोराच्या लढाईत 11 सप्टेंबरला जखमी झाले. मागे जायला नकार दिला. 16 तारखेला बुतूर-डोगरांदीला वीरमरण आलं. युद्धविराम झाला 23 ला पहाटे साडेतीनला. सात दिवस फक्त.

आणि 1918 मध्ये पूना हॉर्स त्याच पाचव्या घोडदळ डिव्हिजनमध्ये होती, हैफा घेणाऱ्या ब्रिगेडच्या शेजारच्या ब्रिगेडमध्ये.

ए-101 काका:
सुभेदार साहेब, युद्धविराम ही ओळ मी नुसती तारीख म्हणून टाकली होती. त्या पहाटेबद्दल चार शब्द लिहाल?

बी-402 सुभेदार काका:
शेवटच्या रात्रीपर्यंत लढाई चालू होती. लाहोरच्या दारात डोगराई गाव 3 जाटने (जाट रेजिमेंटची तिसरी बटालियन) कर्नल हेड यांच्या हाताखाली घरोघर लढून घेतलं, तेही युद्धविरामाच्या जेमतेम एक दिवस आधी. युद्ध थांबणार हे ठाऊक असताना माणूस तसा लढतो तेव्हा त्याच्या मनात काय असेल, याचा मी नोकरीभर विचार केला.

सेक्रेटरी:
मंडळी, फलकाचा मजकूर असा करतो, तपासा:
"23 सप्टेंबर. 1803: असई, जि. जालना. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. दोन्ही बाजूंनी भारतीय शिपाई पडले. लढाई इंग्रजांनी जिंकली. 1918: हैफा. इंग्रजांच्या सैन्यातील जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सने शहर घेतले. मेजर दलपतसिंग शेखावत धारातीर्थी. 1965: पहाटे 3:30 ला युद्धविराम."

ए-604:
👍 तारापोर साहेबांचं नाव राहिलं.

डी-302 सर:
त्यांचा दिवस 16 सप्टेंबर. पुढच्या वर्षी त्या तारखेला वेगळा फलक करू. ती जबाबदारी तुझी.

ए-604:
घेतली सर.

सी-203 वहिनी:
दिवाळीनंतर असईला जायचं का सगळ्यांनी? सिल्लोडमार्गे भोकरदन, तिथून पुढे. आधी पिंपळगावच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे समोर वरूड दिसतं आणि सगळी लढाई समजते. जेवण माझ्या माहेरी. किती जण येणार तेवढं आधी कळवा, वहिनीला सांगावं लागेल.

ए-101 काका:
मी आणि सौ. नक्की. आमच्या गाडीत तिघांची जागा आहे.

बी-205 ताई:
आम्ही चौघं. सासूबाईंना चालवत नाही फार, गाडी काठापर्यंत जाते का?

सी-203 वहिनी:
भावाला विचारून रात्री कळवते ताई.