किल्ल्यांच्या पत्त्यांसाठी आकार आणि कागद कोणता घ्यावा?

पायवाट:
सह्याद्रीतील किल्ल्यांवर मी पत्त्यांचा एक खेळ तयार केला आहे. एकूण ६० पत्ते असून प्रत्येकावर किल्ल्याचे चित्र, नाव, तालुका, प्रकार आणि समुद्रसपाटीपासूनची उंची (उदाहरणार्थ साल्हेर, १५६७ मीटर) दिलेली आहे. गेल्या जूनमध्ये शाळेतील मुलांसाठी एका छापखान्यातून २५ कॅट छापून घेतले. कागद ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड होते आणि फक्त चित्राच्या बाजूला चकचकीत लॅमिनेशन केले होते. महिन्याभरात सगळे पत्ते पन्हळीसारखे वाकले, पिसताना ते एकमेकांना चिकटू लागले आणि खिडकीकडे धरले की पाठीमागून किल्ल्याचे नाव वाचता येऊ लागले. शिवाय ‘सिंधुदुर्ग’मधला रफार सुटून ‘ग’च्या पुढे जाऊन बसला. मुलांनी तरीही खेळ सोडला नाही, म्हणून आता १०० कॅट नीट काढायचे आहेत. या वेळी ३५० जीएसएमचा कागद घ्यावा की प्लॅस्टिक? आकार नेहमीचा ठेवावा, मोठा घ्यावा, की गंजिफा या जुन्या पत्त्यांसारखा गोल?

खिळेजुळारी:
छपाईच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, आणि त्या आकड्यावरून पत्ता चांगला ठरत नाही. ३५० जीएसएमचे आर्ट कार्ड जाड असते, पण वाकवल्यावर ते पुन्हा सरळ होत नाही आणि त्याची कड लवकर फुटते. पत्त्यांसाठी मिळणारा ‘ब्लॅक कोअर’ कागद साधारण ३०० ते ३१० जीएसएमचाच असतो, परंतु त्याच्या दोन थरांमध्ये काळा चिकट थर असल्यामुळे उजेड आरपार जात नाही आणि पत्ता वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो. तो मिळाला तर दुसरा विचार करू नका. मात्र तुमच्या छापखान्याच्या यंत्रातून तो जातो का, हे आधी विचारून घ्या.

पत्ते वाकले ते एकाच बाजूच्या लॅमिनेशनमुळे. उघडी बाजू पावसाळी हवेतला ओलावा शोषून फुगते आणि प्लॅस्टिक चिकटवलेली बाजू फुगत नाही, मग पत्ता वळणारच. जे काही लावायचे ते दोन्ही बाजूंना लावा. माझे मत विचाराल तर लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित व्हार्निश घ्या, आणि कागदावर बारीक विणीचा ‘लिनन’ पोत असेल तर उत्तमच. त्या खाचांमध्ये हवा राहते, त्यामुळे पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात.

आकाराचा निर्णय कागदाच्या तावावरूनही करावा. पोकर आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर आणि ब्रिज आकार ५७ बाय ८९ मिलिमीटर असतो. कापण्यासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडला, तर १२ बाय १८ इंचांच्या तावात पोकर आकाराचे १८ आणि ब्रिज आकाराचे २१ पत्ते बसतात. म्हणजे तुमच्या ६० पत्त्यांना पोकर आकारात चार ताव लागतील आणि १२ जागा वाया जातील, तर ब्रिज आकारात तीनच तावांत ६३ जागा मिळतील. मुलांच्या मुठीलाही अरुंद पत्ता सोयीचा पडतो.

रफाराविषयी सांगायचे तर फाइल देण्यापूर्वी सर्व अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून द्या. छापखान्यातील संगणकावर तुमचा फाँट नसेल तर जोडाक्षरे आणि रफार हमखास मोडतात. मजकूर कडेपासून निदान ३ मिलिमीटर आत ठेवा, आणि पाठीच्या नक्षीला पांढरी चौकट देऊ नका, कारण कापताना अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी चौकट तिरकी दिसते आणि तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो.

चिंचोका:
गोल पत्त्यांपुरते लिहिते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा संच १२० पत्त्यांचा असतो, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ते पत्ते हाताने रंगवलेले असतात आणि त्यांच्यावर तालुका, उंची असा वाचायचा मजकूर नसतो, त्यामुळे आकृती पाहून पत्ता ओळखता येतो. तुमच्या खेळात मात्र उंचीचा आकडा चटकन दिसला पाहिजे. चौकोनी पत्ते हातात पंख्यासारखे धरले की वरचा डावा कोपरा उघडा राहतो आणि आकडा तिथे देता येतो. गोल पत्त्याला कोपराच नाही. शिवाय चौकोनी पत्ते सरळ कटिंग यंत्रावर कापता येतात, तर गोल आकारासाठी वेगळी डाय, म्हणजे कापायचा साचा, करून घ्यावी लागते.

माळरान:
आम्ही एका शिबिरासाठी प्लॅस्टिकचे पत्ते वापरले होते. चिखल लागला तरी धुता येतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. परंतु नव्या पत्त्यांचा गठ्ठा लहान मुलांच्या हातातून सतत निसटत असे, आणि प्लॅस्टिकवर साधी शाई टिकत नसल्याने त्यांची छपाईही वेगळ्या पद्धतीने करावी लागते. वर्गात बसून खेळायचे असेल तर कागदच बरा.

पायवाट:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल वहीच्या पुठ्ठ्याचे दोन्ही आकारांचे दहा-दहा तुकडे कापून मुलांच्या हातात दिले. पाचवीतल्या मुलांना पोकर आकाराचे सात पत्ते एका हातात धरता येईनात, ब्रिज आकाराचे मात्र सर्वांना जमले. तेव्हा ५७ बाय ८९ हाच आकार नक्की केला आहे आणि चित्रे त्या मापाने अरुंद करून घेतो आहे. ब्लॅक कोअर कागदावर, दोन्ही बाजूंना व्हार्निश लावून, आधी एकच कॅट काढून घेईन आणि तो पंधरा दिवस वर्गात वापरून मगच उरलेल्यांचे काम देईन. ६३ जागांमुळे आणखी एक सोय झाली. बागलाणातील मुल्हेर, मोरागड आणि हरगड हे तीन किल्ले पत्ते वाढतील म्हणून गाळले होते, ते आता घेता येतील.