आजी नेमके काय म्हणाली?

मी: सर्वांना नमस्कार. रविवारी ओसरीवर झालेल्या बैठकीबद्दल थोडे लिहितो आहे; कृपया पूर्ण वाचावे आणि नुसते जोडलेले हात पाठवू नयेत. नाल्याकाठच्या सहा एकर वावराचे पाडव्यापूर्वी काय करायचे, यावर आपण जवळजवळ तीन तास बोललो आणि त्या तीन तासांत आजी एकच वाक्य बोलली. घरी परतल्यावर मी सगळी हकीकत मोबाईलवरील एआयला लिहून विचारले की, वावर मक्त्याने द्यावे की विकावे. सल्ला देण्याआधी त्याने मलाच विचारले: आजींना शेती नकोशी झाली आहे, की एकटीच्या बळावर ती होत नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून कळत नाही, त्यांचे नेमके शब्द काय होते? मला ते शब्द आठवेनात. आपल्यापैकी कोणाला आठवतात काय?

काकाजी आर्वी: आठवायचे काय त्यात? आई म्हणाली की आता वावर नको. म्हणूनच मी मक्त्याचा विषय काढला.

ताई अमरावती: काकाजी, मला तर ती फार थकली आहे असे ऐकू आले, आणि म्हणूनच मी तिला काही दिवस इकडे आणण्याचे बोलले.

आत्याबाई दारव्हा: मी तिच्या शेजारीच बसले होते. "यंदा माह्याच्यानं होत नाही," एवढेच ती म्हणाली. वावर हा शब्द तिच्या तोंडून निघालाच नाही. ती सुपात तूर निवडत होती. दादाने मक्त्याचा आकडा सांगितला तेव्हा तिची बोटे थांबली आणि खडा समजून तिने एक चांगला दाणा उचलून बाहेर टाकला. मी ते पाहिले, पण मीही तिला काही विचारले नाही.

ताई अमरावती: आत्याबाई, तुम्ही जे पाहिले त्यालाच आमच्या प्रशिक्षणात ऐकण्याचा अर्धा भाग म्हणतात. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फारसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली सक्रिय श्रवणावर एक छोटी पुस्तिका लिहिली. ती कारखान्यातील वरिष्ठ आणि कामगार यांच्यासाठी होती, पण आपल्या ओसरीलाही लागू पडते. बोलणाऱ्याच्या शब्दांमागची भावना ओळखावी, आणि आवाज, चेहरा, मध्येच थांबणे हे सगळे ध्यानात घ्यावे, असे त्यांचे सांगणे होते. रॉजर्सने त्याआधी, १९५१ मध्ये, वाद मिटवण्यासाठी एक नियमही सुचवला होता: आधीचा माणूस जे बोलला ते त्याचे समाधान होईल अशा रीतीने सांगून दाखवावे आणि मगच आपले म्हणणे मांडावे. वाचायला हे सोपे वाटते, पण मी वर्गात करून घेते तेव्हा दुसऱ्याच वाक्याला माणसे अडखळतात.

काकाजी आर्वी: माझ्या आईचे ऐकायला मी आता मशीनकडून शिकायचे काय? आमचे बाबा पंचांच्या बैठकीत सगळ्यांचे ऐकून शेवटी बोलत असत, आणि त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता.

लहान भाऊ पुणे: काकाजींचा राग अगदीच चुकीचा नाही. जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने एमआयटी संस्थेत 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार केला आणि १९६६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ताई सांगते आहे त्याच रॉजर्सच्या पद्धतीच्या उपचारकाची तो नक्कल करत असे, म्हणजे तुमचेच शब्द फिरवून तुम्हाला प्रश्न विचारत असे. त्याला कळत काहीच नव्हते. तरीही तो तयार होताना महिनोन् महिने पाहिलेली वायझेनबॉमची सेक्रेटरी त्याच्याशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिने साहेबालाच खोलीबाहेर जायला सांगितले. आजचा एआय त्याच्या कितीतरी पुढे आहे, हे खरे. मात्र लोकांना कोणती उत्तरे आवडतात, हे पाहूनही त्याला घडवलेले असते, त्यामुळे समोरच्याच्या होकारात होकार मिसळण्याची खोड त्याला असते. काल मी आपलाच विषय एकदा काकाजी होऊन आणि एकदा ताई होऊन लिहिला, आणि दोन्ही वेळा मला 'तुमची काळजी रास्त आहे' असेच उत्तर मिळाले.

वहिनी गाव: मी मात्र त्याचा वेगळा उपयोग करून पाहिला. "तू आमची आजी हो आणि मी मध्येच सल्ला दिला की मला थांबव," असे त्याला सांगितले. आधी बोलून लिहिण्याचा प्रयत्न केला, तर आमच्या बोलीतील प्रत्येक 'वावर'चा त्याने 'वापर' करून टाकला, म्हणून शेवटी टाईप करत बसले. पहिल्या चार वाक्यांतच त्याने मला तीनदा थांबवले. मी स्वतःला शांत स्वभावाची समजत होते. अर्थात, त्याच्यासमोर थांबणे सोपे आहे, कारण त्याचे बोलणे मनाला लागत नाही आणि चुलीवर भाजीही करपत नसते.

भाऊजी गडचिरोली: धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाबद्दल सांगतो. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक, हे २००९ पासून सर्वांना ठाऊक आहे, पण मला त्या गावाच्या चर्चेच्या पद्धतीचे अधिक महत्त्व वाटते. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. शिवाय अभ्यासगट वेगळा असतो. त्यात बाहेरचा माणूसही बसू शकतो, परंतु तेथे निर्णय होत नाही, फक्त विषय समजून घेतला जातो. बहुमतात हात मोजले की काम भागते. एकाचीही हरकत राहून चालत नसेल, तर ती हरकत नेमकी काय आहे, हे ऐकल्यावाचून गत्यंतरच नसते. रविवारी आपण अभ्यास न करताच निर्णयाला बसलो, असे माझे मत आहे.

मी: मग ताईचा नियम येथेच वापरून पाहू. काकाजी, आपले म्हणणे मी असे समजलो की, वावराचा व्याप आता नको आणि मक्त्याचे पैसे वेळेवर हातात यावेत.

काकाजी आर्वी: नाही. पैशाचे माझ्या मनात नव्हते. दिवाळीनंतर आई धुऱ्यावर घसरून पडली आणि मला ते दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. वावर दुसऱ्याने केले, तर ती तिकडे एकटी जाणार नाही.

मी: म्हणजे आपली चिंता वावराची नसून तिच्या एकटीने जाण्याची आहे.

काकाजी आर्वी: हो. आता बरोबर लिहिलेस. रविवारी मी हे असे बोललोच नाही काय?

आत्याबाई दारव्हा: नाही बोललास, दादा. तू फक्त आकडा बोललास.

वहिनी गाव: काल जेवणानंतर मी आजीजवळ बसले. वावराचे नाव न काढता एवढेच विचारले की, यंदा होत नाही म्हणालात, ते काय होत नाही? त्या बराच वेळ गप्प होत्या. दोनदा मी काहीतरी बोलणार होते, ते गिळले. मग त्या म्हणाल्या, "वेचाले बाया भेटत नाही. कापूस झाडालेच लोंबते, मले पाहावत नाही." मी म्हटले, म्हणजे यंदा पऱ्हाटी नको. त्यावर त्या चटकन म्हणाल्या, "पऱ्हाटी नको. वावर कई नको म्हटलं म्या?" त्यांना तूर आणि ज्वारी पेरायची आहे. धुऱ्यावर पडल्याची काकाजींची काळजीही मी त्यांना सांगितली. ती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना वाटत होते, मुलाला वावर जड झाले आहे.

काकाजी आर्वी: रविवारी येतो. ज्वारीच्या बियाण्याची चौकशी करूनच निघेन. तोवर मक्त्याचे कोणाशी बोलू नये.

आत्याबाई दारव्हा: नाल्याकाठी ज्वारीवर पाखरे फार पडतात. राखणीला कोण जाईल, हेही आधी तिलाच विचारावे.