मदत हवी आहे: बिननावाच्या चिठ्ठीचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. तक्रारपेटीत एरवी पंखा बंद, नळाला पाणी नाही असंच काहीबाही निघतं. सोमवारी मात्र एक चिठ्ठी निघाली: ‘घरी जावंसं वाटत नाही, झोप येत नाही.’ नाव नाही, पण वर्षभर वह्या तपासल्यावर अक्षर ओळखू येतंच. मुलगी हुशार आहे, दिवाळीनंतर गप्प गप्प असते.

तिला बाजूला घेऊन विचारलं तर पेटीवरचा सगळ्यांचाच विश्वास उडेल का? आणि तडक पालकांना बोलावलं, अन् अडचण घरातलीच असली तर?

शाळेत समुपदेशक नाही. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत तो हवा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. आमच्याकडे अजून ‘बघू’ चाललंय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय, पण या मुलांकडे स्वतःचा फोन कुठे असतो?

कुणी समुपदेशक किंवा अनुभवी शिक्षक असाल तर सांगा, पहिलं वाक्य काय बोलू? शुक्रवारी तिचा गट वर्गसफाईला थांबतो, तेव्हा बोलावं म्हणते.